अवतरणचिन्हातलं शून्य

सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पाणी समितीचा अध्यक्ष मी आहे. माझी पात्रता म्हणजे मी दिवसभर घरी असतो आणि मला लिहिता येतं. अक्षरओळख पन्नाशीनंतर झाल्यामुळे लिहिलेल्या गोष्टीवर माझा विश्वास जरा जास्तच आहे.

माझा मुलगा रविकिरण याने गच्चीवरच्या टाकीत काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. ते पाण्याची पातळी इंटरनेटवरून क्लाउडला कळवतं. तिथे रविकिरणने जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम ती तपासतो आणि सगळ्यांच्या फोनवर निरोप धाडतो. टाकी आमच्या डोक्यावर, निरोप मात्र परदेश फिरून येतो. क्लाउड म्हणजे ढग, पाण्यातलं त्याच्याइतकं कुणाला कळणार, असं मी सभेत म्हणालो. टाळ्या पडल्या. त्या भरात मी नियमही लिहिला: फोनवर ‘पाणी नाही’ असा निरोप आल्याशिवाय टँकर आत घेऊ नये. डोळ्यांनी केलेली पाहणी ग्राह्य धरली जाणार नाही.

नातीच्या बारशाच्या सकाळी नळाने घरघर केली आणि तो गप्प झाला.

“अहो, पाणी गेलं,” माझी बायको प्रेमा म्हणाली. “बाळीची आंघोळ राहिलीय. पाहुणे के. आर. पुरम स्टेशनवर उतरलेसुद्धा.”

मी फोन पाहिला. ‘पाणी उपलब्ध : शून्य टक्के.’

“उपलब्ध आहे,” मी वाचून दाखवलं.

“शून्य ना?”

“शून्य का होईना, उपलब्ध आहे ना! नळ नीट उघड.”

शेजारच्या कानडी राजलक्ष्मी अक्का रिकामी कळशी घेऊन आल्या. त्यांनी बोलावलेला टँकर फाटकाशी उभा होता. वॉचमन आत सोडेना. माझाच नियम, लॅमिनेट केलेला, त्याने पुढे धरला होता.

“अण्णा, स्वल्प सांगा ना त्याला. नीरु इल्ला, पाणी नाही! टाकी कोरडी आहे. मी वर जाऊन बघून आले.”

“डोळ्यांनी?”

“मग काय कानांनी?”

“मग ते ग्राह्य नाही, अक्का.”

प्रेमाने बाळीला माझ्या मांडीवर ठेवलं. “घ्या. सांगा तुमच्या ढगाला आंघोळ घालायला.”

तेवढ्यात बाळीनेच माझं धोतर भिजवलं. नळ गेल्यापासून घरात आलेलं पाणी ते तेवढंच. फोनवर त्याची नोंद झाली नाही.

रविकिरण लॅपटॉप घेऊन बसला होता. पाहुणे दारात आले तेव्हा ओरडला, “सापडलं, बाबा! यंत्राने शून्य अवतरणचिन्हात पाठवलंय.”

“मग काय बिघडलं?”

“आकडा म्हणून शून्य आलं, तर जावास्क्रिप्ट ते ‘नाही’ धरते. अवतरणचिन्हात आलं की तो मजकूर होतो. मजकूर म्हटला की ‘आहे’.”

जावास्क्रिप्ट मला एकदम घरची वाटली. काही नसलं तरी लिहून आलं की ते आहे, असंच मीही मानत आलो.

त्याने दुरुस्ती केली. फोन वाजला: ‘पाणी नाही.’ पाहुण्यांसकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी निरोप मोठ्याने वाचला, परवानगीवर सही केली आणि खाली गेलो. टँकर शेजारच्या सोसायटीत रिकामा होत होता.

बाळीला बाटलीतल्या पाण्याने आंघोळ घातली. पाहुणे कागदाला हात पुसून जेवले.

संध्याकाळी मी ठराव लिहिला: यंत्रणा आता अचूक असून पाण्याची चिंता मिटली आहे. सगळ्यांनी तो फोनवर वाचला, अंगठे पाठवले. दुसरा टँकर बोलवायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. ठराव आता तुम्हीही वाचलात. तुमचाही जीव भांड्यात पडला असेल. भांडं तेवढं कोरडं आहे.