कामरेड गंगारामचा पोळा

आमच्या केनवडात पाटलाला, न्हाव्याला आणि अंगात आलेल्या बाईलाही 'कामरेड' म्हणणारा माणूस एकच, गंगाराम. "कामरेड, जरा दमानं घुमा!" असं तो म्हणाला तेव्हा त्या बाईच्या अंगातला देवसुद्धा खुदकन हसला होता. मी डोळ्यांनी पाहिलंय.

हा मूळचा पाटलाचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी. ना बायको, ना पोर. मधे सहा महिने अकोल्याच्या गिरणीत बदली कामगार म्हणून गेला आणि "शिस्त पायजे, शिस्त!" एवढं शिकून परत आला. पाटलानं पुन्हा कामावर घेतलं नाही. मग काय, बहाद्दर पुढारी झाला! बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांना प्यायला पाणी नव्हतं, तर हा साहेबाच्या जीपपुढं आडवा झोपला. दुसऱ्या दिवशी टँकर आला. तेव्हापासून गावातले सगळे सालदार त्याचा शब्द झेलायचे.

पुढच्या वर्षी त्यानं मागणी केली, सालदाराला बाजाराच्या दिवशी सुट्टी पाहिजे. मालक लोक हसले. गंगारामनं पोळ्याचाच संप पुकारला. आदल्या संध्याकाळपासून मालकाच्या बैलाला कोणी हात लावायचा नाही. पोळ्याला बैल गोठ्यात राहिले तर पाटलाचं नाकच कापलं जाणार!

आणि काय सांगू, सालदार हलले नाहीत. माझा थोरला भाऊ धरून सगळे पारावर बसून होते. बैल हंबरत होते, यांचे डोळे भरत होते, पण कोणी उठलं नाही. दुपारी पाटलाचा निरोप आला, "संध्याकाळी या, बोलू." जिंकलोच होतो हो!

तेवढ्यात पाटलाचा म्हातारा बैल ढवळ्या पोळ्याच्या तोरणाकडे येताना दिसला. न्हाऊ घातलेला, शिंगं रंगवलेली. कासरा गंगारामच्या हातात.

"कामरेड, सोडा तो कासरा!" भाऊ ओरडला. गंगाराम ढवळ्याला घेऊन तसाच पुढं चालत राहिला.

पुढारीच फुटला म्हटल्यावर बाकीचे तरी काय करतील? एकेक जण उठून आपापल्या गोठ्याकडे गेला. सुट्टी गेली ती गेलीच. माझा भाऊ गंगारामच्या तोंडावर थुंकला. त्याच आठवड्यात गंगाराम गाव सोडून रिसोडला हमाली करायला गेला.

चार वर्षांनी रिसोडच्या स्टँडवर तो मला दिसला. माझा राग काही गेला नव्हता. "काहून केलं तुमी असं?"

"आदल्या सांजीले गोठ्यात गेलतो रे, नुसतं पाहाले," तो म्हणाला. "ढवळ्याची माय मेली तवा या बोटानं दूध पाजलं त्याले. त्यानं खांदा पुढं केला. लोणी लावलं, आन् तोंडातून निंगून गेलं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे चोळून त्याला असंच जेवायला बोलावतात.

"मानसायले समजावता येते, बापा. बैलाले काय सांगू?"

"मग मानसायले तरी सांगाचं होतं!"

"कोनी इचारलंच नाही," गंगाराम म्हणाला.

घरी येऊन भावाला सगळं सांगितलं. तो जेवत होता. हातातला घास ताटात ठेवून उठला, गोठ्यात गेला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही.