टबाला ब्रेक नसतो

भर दुपारी घर शांत असेल, तर समजावे की पोर झोपले आहे, किंवा नवऱ्याच्या डोक्यात काहीतरी शिजते आहे. त्या रविवारी दोन्ही होते. मग फरशीवर प्लास्टिक घासल्याचा खर्रर्र आवाज आला, आणि भांडी पुसता पुसता तिने ओळखले, लेकीचा आंघोळीचा टब घराबाहेर चालला.

बाहेर नवरा टबाला भोकं पाडत होता आणि धाकटा दीर गाडीच्या मागच्या हुकाला दोर बांधत होता. शेजारचे वकीलकाका खुर्ची टाकून बसले होते, कारण कोणतेही सार्वजनिक कार्य कायदेशीर सल्ल्याशिवाय करू नये.

"हे काय चाललंय?"

"खेळ," नवरा म्हणाला. "पलीकडच्या गल्लीतले गाडीमागे गादी बांधून बसतात. वेडे आहेत. आपण टब घेतलाय."

काकांनी सविस्तर मत दिले. बंद गाडी ओढण्याचे नियम आहेत. टबातला माणूस ओढण्याचा उल्लेख त्यांच्या पाहण्यात नव्हता. (काकांची हयात घरमालक-भाडेकरूंच्या दाव्यांत गेली होती, पण ज्ञानाला कुंपण कसले?) तरी पोलिसांनी अडवलेच, तर बेदरकारपणाचा ठपका चालवणाऱ्यावर येईल, बसणाऱ्यावर नाही, असे त्यांनी छातीठोकपणे सांगितले. त्याबरोबर टबात बसायला अर्धी गल्ली तयार झाली आणि चालवायला कुणीच नाही. ती जबाबदारी एकमताने दिरावर सोपवण्यात आली. धाकट्याचे मत मोजण्याची त्या घरात पद्धत नव्हती.

ओढल्या जाणाऱ्या वाहनावर पाटी हवी, हेही काकांना आठवले. म्हणून नवऱ्याच्या पाठीवर पुठ्ठा अडकवला: 'बंद पडलेले वाहन'. आता सगळे नियमात बसले.

धोक्यांचाही साकल्याने विचार झाला. दोर तुटू नये म्हणून दुपदरी घेतला. माणूस टबातून उडू नये म्हणून त्याला टबालाच बांधावे, ही सूचना पुढच्या रविवारवर ढकलण्यात आली.

"गाडीने ब्रेक लावला की टब कशाने थांबणार?" तिने विचारले.

"अगं, गाडीच थांबली तर तो एकटा कुठे जाईल?"

"वहिनी, मी अगदी हळू दाबतो," दीर म्हणाला. त्याचा चेहरा आत्ताच जामीन मागत होता.

तेवढ्यात लेक डोळे चोळत दारात आली. "मला पण!"

"माझी फेरी झाली की तुझी हं, राणी," बाबाने जाहीर केले.

भांडून हा माणूस ऐकत नाही, हे बायकोला ठाऊक होते. लेकीला कडेवर घट्ट धरून तिने हिशेब मांडला: हा धडधाकट परतला, तर पुढची फेरी पोरीची. तेव्हा ती पतीचे हित चिंतणारी बाई मनापासून त्याच्या पडण्याची प्रार्थना करू लागली. (बेताने पडावा, एवढी अट घातली.)

"फोन धर ना," तो म्हणाला. तिने धरला.

कोपऱ्यापर्यंत सारे कायदेशीर पार पडले. तिथे दिराने ब्रेक दाबला, गाडी वळली, दोर वळला. टब मात्र सरळमार्गी. तो सरळ गेला, आणि बंद पडलेले वाहन कचऱ्याच्या पिंपात डोक्याकडून दाखल झाले.

खांद्याचे हाड मोडले. पाटी शाबूत असल्याचे काकांनी निदर्शनास आणले. "दादा, मी हळूच दाबला रे," म्हणून रडत रडत दिराने त्याला त्याच गाडीतून दवाखान्यात नेले. या खेपेला आत बसवून. पोरीची फेरी रद्द झाली.

व्हिडिओ गल्लीच्या ग्रुपवर गेला. प्रत्येकाने 'काळजी घ्या' लिहिले आणि तो पुन्हा पाहिला. (आपणही मघाशी पिंपापाशी हसलात. त्यासाठी कुठलेच कलम नाही; निश्चिंत असा.)

संध्याकाळी हात गळ्यात बांधलेल्या बाबाशेजारी बसून लेकीने तो व्हिडिओ लावला. बाबा पिंपात गेला, आणि त्याच क्षणी, अगदी फोनजवळून, कुणीतरी खुदकन हसले. लेकीने मागे नेऊन पुन्हा ऐकले.

"आई, सगळ्यात आधी हे कोण हसलं?"