कांद्यांच्या दाढ्या

रविवारी सकाळी मधुकरराव दात घासत स्वयंपाकघरात आले आणि खिडकीकडं बघून ब्रश तोंडात तसाच धरून उभे राहिले. गेले काही दिवस तिथं सरबताच्या काचेच्या ग्लासांवर कांदे बसवलेले होते. ग्लासात पाणी, पाण्याला टेकलेला कांद्याचा बुडखा आणि त्यातून फुटलेली पांढरीशुभ्र मुळं. आता खिडकीत फक्त ऊन होतं. ग्लास घासूनपुसून फडताळात गेले होते.

"शरयू! माझे कांदे कुठं गेले?"

"टोपलीत आहेत की. काल तुम्ही फिरायला गेल्यावर खंडाळ्याची माणसं आली. त्यांना सरबत काय ओंजळीत द्यायचं? आणि काय अवतार झाला होता त्या कांद्यांचा! सगळ्यांच्या दाढ्या कापून, धुऊन ठेवलेत."

"अगं, त्या दाढ्याच हव्या होत्या मला!"

"मग कांदे कशाला मिरवत ठेवले होतेत वर?"

मधुकररावांनी कपाळावर हात मारला. मुळाच्या टोकाशी पेशी सारख्या विभागत असतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि ते बघायचं तर मुळाचं टोकच लागतं, हे विश्रामबागेतल्या कॉलेजात त्यांनी हजारो पोरांना शिकवलं होतं. बायकोला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. ग्लासांतलं पाणी मात्र रोज तिनंच बदललं होतं.

"ती मुळं कुठंयत?"

"ओल्या कचऱ्यात. घंटागाडी आत्ताच गेली."

थोड्या वेळात साताऱ्याहून मुलगा सौमित्र यायचा होता, दहावीतल्या ओवीला घेऊन. तिला पेशी विभागताना दाखवायचं मधुकररावांनी कबूल केलं होतं. सौमित्र लहान असताना दर रविवारी विचारायचा, "बाबा, मला कधी दाखवणार?" तेव्हा बाहेरच्या खोलीत क्लासची पोरं बसलेली असायची. "एवढी बॅच जाऊ दे," असं मधुकरराव म्हणायचे. ती बॅच जायची आणि दुसरी यायची. पुढं त्यानं विचारणंच सोडलं, कॉमर्सला गेला आणि बँकेत चिकटला. निवृत्तीनंतर ही गोष्ट मधुकररावांना फार लागून राहिली होती. नातीच्या बाबतीत तरी असं होता कामा नये, म्हणून ते पायात चप्पल सरकवून तडक मंडईत गेले.

गुंडा कांदेवाला त्यांचा एकेकाळचा विद्यार्थी.

"गुंडा, मुळ्या फुटलेला कांदा आहे का रे?"

गुंडाचा चेहरा पडला. "सर, भवानीच्या वक्ताला असं का बोलताय? आपला माल एक लंबर हाय."

"बघ की जरा. ओलसर, मुळ्या लोंबणारा. जेवढा जुना तेवढा बरा."

शेजारी कांदे निवडणाऱ्या बाईंचा हात थांबला. "मुळ्या फुटल्याला कांदा घालतोस व्हय रं आमच्या गळ्यात?" असं म्हणून त्यांनी भरलेली पिशवी पुन्हा ढिगावर उपडी केली.

मधुकरराव सारवासारव करायला पुढं सरसावले. "तसं नाही हो, बाई. तसला माल याच्याकडं असतोच. मी मुद्दाम त्यासाठी आलोय." त्यावर मागं उभं असलेलं गिऱ्हाईकही पांगलं.

गुंडानं हात जोडले. "सर, बारावीला मी भिंगातनं हवेचा बुडबुडा बघितला आन् पेशी म्हनून काढला. तुमी शून्य दिलं. 'नीट बघ, समोरच आहे' म्हनून समद्या वर्गाम्होरं वरडलात. त्याचा राग म्या कवाच सोडलाय. तुमी अजून सोडला न्हाई व्हय?"

मधुकररावांना तो बुडबुडा आठवतसुद्धा नव्हता, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. त्यांनी ओशाळून नातीची सगळी हकीकत सांगितली. गुंडा विरघळला. मागून त्यानं एक ओलं पोतं ओढून काढलं आणि मूठभर मुळ्यावाले कांदे दिले. "घ्या. पर झाकून न्या, लय उपकार व्हतील."

घरी येऊन मधुकररावांनी मुळांची टोकं कापली, लाल रंगात गरम केली, काचपट्टीवर ठेवून अंगठ्यानं दाबली आणि सूक्ष्मदर्शक लावला. तेवढ्यात गाडी दारात आली.

ओवीनं डोळा लावला. "आजोबा, हे हलत का नाही?"

"रंगात टाकलं की पेशी असेल त्या अवस्थेत थांबते. ती मधली बघ, पश्चावस्था. गुणसूत्रं दोन टोकांना निघालीत."

"म्हणजे पॉज केलंय. व्हिडिओत सगळं दाखवतात." मग त्यांचा चेहरा बघून ती म्हणाली, "पण छान आहे हं," आणि कोचावर जाऊन बसली.

त्या 'छान'नं मधुकरराव खचले. "सौमित्र, तू बघतोस?"

सौमित्रनं मोबाइलमधून मान वर केली. "बॅच गेली का, बाबा?" तो हसतच म्हणाला होता. पण मधुकरराव उगाच उरलेल्या मुळांचे तुकडे गोळा करू लागले. फोन वाजला आणि तो घ्यायला सौमित्र अंगणात गेला.

"मी बघू का?" पदराला हात पुसत शरयूताई म्हणाल्या.

"तू?" असं तोंडातून गेलं आणि मधुकररावांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी खुर्ची पुढं ओढून दिली.

"अगंबाई!"

"तर पहिली पूर्वावस्था, मग मध्यावस्था—"

"बोलू नका हो जरा."

बऱ्याच वेळानं शरयूताई म्हणाल्या, "ही एक दोन व्हायला निघालीय खरी. पण बाकीच्या पुष्कळशा नुसत्या बसून आहेत की."

"बसून नाहीत गं. विभागायच्या आधी आतलं सगळं दुप्पट करून ठेवायचं असतं, दोघींना पुरेल असं. पेशीचा जास्त वेळ त्यातच जातो. बाहेरून काही दिसत नाही, एवढंच."

"हं," शरयूताई म्हणाल्या. "हे आधी सांगितलं असतंत, तर मी कशाला दाढ्या कापल्या असत्या?"

"चुकलंच माझं," मधुकरराव म्हणाले. ते एवढ्या कांद्यांपुरतं नव्हतं.

"चहाचं बघा आता. पोरं लांबून आलीत."

शरयूताईंनी डोळा काही काढला नाही. मधुकरराव स्वयंपाकघरात गेले, आधण ठेवलं आणि एकेक डबा उघडू लागले. रवा, पोहे, तूरडाळ, पुन्हा रवा.

"शरयू, साखर कुठंय गं?"

बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "नीट बघा, समोरच आहे."