शेळीनं न खाल्लेलं कुंपण

रावसाहेब कांबळ्यांचं दुसरं कुंपण शेळ्यांनी खाल्लं, तेव्हा नेरूळला राहायला येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. पहिलं कुंपण मेंदीचं होतं, दुसरं जास्वंदीचं. जास्वंदीला कळी आली होती. शेळीने ती शेवटी खाल्ली, एवढंच काय ते समाधान.

शेळ्या चांगुणाबाईंच्या. बाई पलीकडच्या जुन्या गावातल्या आणि सगळ्या जगाला अरे-तुरे करणाऱ्या.

"शेल्यांना काय म्हाईत, ह्यो तुजा कुंपन हाय म्हनून?" त्या म्हणाल्या. "पाटी लावलीस काय?"

"शेळ्या वाचतात?"

"नाय ना? मंग?"

 रावसाहेब सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि त्यांची अडचण मोठी होती. इमारत आणि रस्ता यांच्यामध्ये एक मोकळी पट्टी होती. हिवाळा संपायच्या आत तिला हिरवं, जिवंत कुंपण घातलं तर पट्टी सोसायटीची, नाहीतर तिथे टेम्पो स्टँड, असं वसाहतीच्या कार्यालयाने बजावलं होतं. पट्टी नेमकी रावसाहेबांच्या तळमजल्यावरच्या खिडकीखाली. उभा जन्म छापखान्यात यंत्रांच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे रविवारी दुपारी शांत झोप, हा त्यांचा या जगातला एकमेव लोभ होता. त्या पट्टीत टाकण्यासाठी त्यांनी आरामखुर्चीसुद्धा घेऊन ठेवली होती.

"येऊ देत की टेम्पो," त्यांची बायको दुर्गाबाई म्हणाली. "चार मानसं तरी दिसतील. हितं खिडकीत बसलं तर नुसत्या विटा दिसतात."

रावसाहेबांनी हे मत विचारात घेतलं नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या रशीदचा स्वतःचा टेम्पो होता. स्टँड झाला तर पहिला नंबर त्याचा. तो हे लपवतही नव्हता. "काका, टेन्शन नको," तो म्हणायचा. "तुमी झोपलात की आपन हॉर्न नाय मारनार."

शेवटी रावसाहेब महाडकडच्या आपल्या गावी गेले आणि एस.टी.च्या टपावर गोणपाटात बांधून अडुळशाच्या काड्या घेऊन आले. अडुळसा बारमाही हिरवा. काडी खोचली की जगतो. लांबट पानं, पांढरी, जबडा उघडल्यासारखी फुलं, आणि चव अशी कडू, की एकदा तोंड लावलेलं जनावर पुन्हा त्या रस्त्याने जात नाही. पावसाळ्यात काड्या लावल्या, थंडीपर्यंत कमरेइतकं कुंपण उभं राहिलं. चांगुणाबाईंची म्होरकी शेळी आली, एक पान चावलं, थुंकलं आणि रावसाहेबांकडे असं पाहिलं, की त्यांना जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण माणसाला यश पचत नाही. सोसायटीच्या सभेत रावसाहेबांनी अडुळशावर भाषण केलं. शेळी तोंड लावत नाही हे सांगून थांबायचं, तर पुढे म्हणाले, "आणि मानसाच्या खोकल्याला यासारखं औषध नाय!"

त्या काळात अख्खं नेरूळ बांधलं जात होतं. सिमेंट, रेती, विटांचा भुगा. खोकत नव्हता असा माणूस शोधावा लागला असता. दुसऱ्याच दिवशी रशीदची आई मेहरुनबी खाली आल्या. "भाऊ, पाच पानं द्या हो. रातभर छाती फुटते."

पाच पानांना नाही कसं म्हणणार? मग पहिला मजला आला, तिसरा आला. प्रत्येक जण पाचच मागायचा, शिवाय आभारही मानायचा, त्यामुळे भांडायची सोय नव्हती. तपासणीचे साहेब सोमवारी येणार, असं कळलं, तेव्हा मात्र रावसाहेब हादरले. त्यांना चांगुणाबाईंचे शब्द आठवले. त्यांनी ठळक अक्षरात पाटी रंगवून लावली: 'ही खोकल्यावरची औषधी झाडे आहेत. पाने तोडू नयेत. सेक्रेटरी.'

तोपर्यंत फक्त त्यांच्या इमारतीला माहीत होतं. पाटीमुळे सगळ्या सेक्टरला कळलं. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना शेजारच्यांनी वाचून दाखवलं, पण तेही पहिल्या ओळीपर्यंतच. लोक पिशव्या घेऊन आले. रावसाहेब खुर्ची टाकून राखणीला बसले आणि धुळीत ओरडून ओरडून रविवारी संध्याकाळी त्यांना स्वतःलाच असा खोकला लागला, की शब्द फुटेना. दुर्गाबाईने न विचारता काढा करून पाजला. उतार पडला.

"पानं कुठून आनलीस?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"टोकाच्या दोन झाडांना होती तेवढी. सगलीच घातली. तुमचा जीव महत्त्वाचा की कुंपन?"

रावसाहेबांना बायकोच्या मायेने भरून आलं आणि कुंपणाच्या आठवणीने रडू आलं. दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे त्यांनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

सोमवारी साहेब स्कूटरवरून आले ते खोकतच. पट्टीच्या कडेने नुसत्या काड्या उभ्या होत्या आणि मध्ये पाटी.

"कुंपण कुठंय?" साहेबांनी विचारलं आणि खोकल्याने ते दुमडले.

दुर्गाबाई आतून रात्री उरलेला काढा पेल्यात घेऊन आली. "आधी हे घ्या."

साहेबांनी डोळे मिटून पेला रिकामा केला. छाती मोकळी झाल्यावर म्हणाले, "हे काय होतं?"

"कुंपन," दुर्गाबाई म्हणाली.

साहेबांनी पेल्याकडे, मग पाटीकडे पाहिलं आणि वाकून एका काडीची साल नखाने खरवडली. आत हिरवं दिसलं तसे म्हणाले, "मुळं जिवंत आहेत. पट्टी तुमची." रावसाहेबांनी हात जोडले. "फक्त एक अट. अशी झाडं कुलूप लावून ठेवायची नाहीत. औषधी बाग म्हणून सगळ्यांना खुली ठेवा. आणि बाई, कोणी आलं तर काढा कसा करायचा ते सांगत चला."

अडुळसा पुन्हा फुटला, पहिल्यापेक्षा दाट. त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी रावसाहेब उशी घेऊन पट्टीत गेले. आरामखुर्चीत मेहरुनबी बसल्या होत्या. पायरीवर शेजारच्या सेक्टरच्या बायका होत्या, मध्ये स्टोव्हवर पातेलं उकळत होतं आणि दुर्गाबाई हात हलवून कसलीशी हकिकत सांगत होती. एवढं हसताना त्यांनी तिला नेरूळला आल्यापासून पाहिलं नव्हतं. चांगुणाबाई कुंपणाला शेळ्या बांधत होत्या.

"इथं कशाला?" रावसाहेबांनी विचारलं.

"इथं बांदल्या म्हंजे कुनाचं खात नाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "बस की तू पन."

बसायला जागा नव्हती. रावसाहेब उशी काखेत मारून इमारतीच्या मागे गेले. तिथे रशीदचा टेम्पो उभा होता. रशीद आतली ताडपत्री झटकत होता.

"या काका," तो सरकून म्हणाला. "पाय लांब करा. हॉर्न नाय मारनार."