आल्यागेल्याचं मीठ

"पुढच्या खेपेला मीठ यायचं नाही हो, कारण आपल्या..."

एवढंच साळुंकीकाकूंनी ऐकलं. पुढचं ऐकणार, तेवढ्यात गाढवांचा तांडा वळणाआड गेला. मागोमाग उडत जाऊन ऐकणं काकूंना बरं दिसेना. लोक काय म्हणतील? चोरून ऐकतात म्हणतील.

तर मुलांनो, ही गोष्ट घडली एका जंगलात. कुठल्या, ते विचारू नका. नाव सांगितलं की तिथली जनावरं मनाला लावून घेतात.

या जंगलात सगळं होतं. गवत होतं, डोह होता, आंब्याची झाडं होती. मीठ तेवढं नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, जनावरांना कशाला हवं मीठ? त्यांना काय आमटी करायची असते? पण गवत खाणाऱ्यांना ते लागतं, बरं का. अंगावर पाजणाऱ्या आईला तर फारच लागतं. डोहाच्या काठावर एक मोठा सपाट दगड होता. खिंडीपलीकडच्या मिठागरातून गाढवं मीठ आणायची आणि या दगडावर ओतून जायची. मग ज्याला लागेल त्याने यावं, चाटावं, जावं.

मीठ मागवायची पद्धतही साधी होती. ज्याला हवं त्याने वानराला सांगायचं. वानराने खिंडीच्या पायथ्याच्या अस्वलाला. अस्वलाने गोदूआक्काला. गोदूआक्का म्हणजे तांड्याची मुख्य गाढवीण.

आणि एक रीत होती. निरोप पुढे देताना त्यात थोडं वाढवून सांगायचं. आपण नाही का, घरात चार माणसं असली तरी भाकरी एक जास्तच थापतो? आल्यागेल्याला असावी म्हणून. तसंच. नेमकं मागणं म्हणजे दरिद्रीपणा, असं तिथे मानत. शिवाय येताना वाटेत अस्वल एकदा चाटायचं, वानर एकदा चाटायचा. वाढवलेलं तिथेच संपायचं. दगडावर जेवढ्यास तेवढं पोचायचं. कुणी हिशेब केला नव्हता, म्हणून हिशेब बरोबर होता.

तर साळुंकीकाकू. काकूंचा मुक्काम काजळीच्या पाठीवर. काजळी म्हणजे गव्यांच्या कळपातली गाय. अंगाने दांडगी, स्वभावाने गरीब. नुकतीच बाळंत झाली होती. भुऱ्या तिचं वासरू. सारखं दूध पिणार, आणि पिऊन झालं की पुन्हा पिणार.

काकू येऊन पाठीवर बसल्या आणि म्हणाल्या, "काजळे, ऐकलंस का? मीठ बंद."

"अगं बाई! का हो काकू?"

"कारण मोठं आहे."

"म्हणजे काय आहे?"

"ते असं उघड्यावर बोलायचं नसतं," काकू म्हणाल्या. कारण त्यांना ते माहीत नव्हतं.

"मग जाऊन नीट विचारून या ना. भुऱ्याच्या दुधाचा प्रश्न आहे."

"विचारीन गं. आधी चार घरी सांगून तर येते!"

काकूंचं काही चुकलं असं मला वाटत नाही. अर्धी बातमी गरम असते. पुरी करत बसलं की निवते. आणि काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं. शेजारधर्म म्हणून त्यांनी हरणांना सांगितलं, डुकरांना सांगितलं, सशांना सांगितलं. दिवस मावळायच्या आत दगडाभोवती एवढी झुंबड झाली की ज्यांना त्या दिवशी मीठ नको होतं, तेही चाटून गेले. काहींनी तर जीभ दुखेस्तोवर चाटलं.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी सभा बोलावली.

महाराज म्हणजे वाघ. त्यांना मीठ लागत नसे. त्यांचं जेवण मुळातच खारवलेलं असायचं. पण जे आपल्याला लागत नाही, त्याबद्दल निर्णय घ्यायला मन मोकळं असतं.

त्यांचा प्रधान होता खवलेराव, खवल्या मांजर. त्याची खोड अशी, की कुणी अवघड प्रश्न विचारला की तो अंग गुंडाळून गोळा व्हायचा. बघणाऱ्याला वाटायचं, केवढा विचार करतोय. असा तो प्रधान झाला.

सभेत एक ससा म्हणाला, "आपण गाढवांनाच विचारू या की, काय झालं म्हणून."

सगळे हसले. खवलेराव समजुतीने म्हणाला, "अरे बाबा, विचारलं की त्यांना कळणार आपलं त्यांच्यावाचून अडलंय. मग ती भाव खाणार. गाढवांना कधी काही विचारायचं नसतं. फक्त सांगायचं."

"हे बरोबर आहे," महाराज म्हणाले. "पण तोवर दुसरी सोय?"

खवलेराव गोळा झाला. सभा थांबली. बऱ्याच वेळाने एक टोक बाहेर आलं आणि म्हणालं, "अश्रू."

"काय?"

"अश्रू खारट असतात, महाराज. प्रजेने रोज दगडापाशी जमून रडावं."

हरणांनी रडून पाहिलं. त्यांना जमलं, कारण समोर महाराज बसले होते. पण दगड नुसता ओला झाला. मग मगरीने पुढाकार घेतला. तिच्याकडे साठा भरपूर. लागेल तेवढे, लागेल तेव्हा, ती म्हणाली. ढसाढसा रडलीही. काजळीने चाटून बघितलं. त्यात मीठच नव्हतं.

मग खरे निर्णय झाले.

पहिला निर्णय, प्रजेला धीर द्यायचा. "घाबरू नका, मीठ आहे," अशी दवंडी पिटायची. दवंडीचं काम टिटवीला दिलं. तुम्ही टिटवी ऐकली आहे ना? ती नुसती ओरडली तरी माणसं घरातल्या म्हाताऱ्यांची चौकशी करतात. ती "घाबरू नका, घाबरू नका" ओरडत साऱ्या जंगलावरून फिरली. जे अजून घाबरले नव्हते, त्यांचंही काम झालं.

दुसरा निर्णय, दगडावर उरलेलं मीठ जपायचं. दगड उचलून सुरक्षित जागी हलवायचा. जंगलात सगळ्यात सुरक्षित जागा कुठली? महाराजांची गुहा. रानडुकरांनी दगड ढकलत नेला. दारापर्यंतच नेला. आत महाराजांनी स्वतः ओढला.

"ज्याला लागेल त्याने केव्हाही यावं," महाराज म्हणाले. "आपलंच घर आहे."

आणि तिसरा निर्णय, जास्त मागवायचं. मीठ कमी येणार असेल तर जास्त मागवलेलं बरं. म्हणजे कमी येऊन येऊन पुरेसं येईल. हा विचार सगळ्यांना एकदम पटला. मला लिहितानाही पटतोय.

काजळीने वानराला सांगितलं, "माझ्यापुरतं टोपलीभर सांग रे भाऊ. एरवी खडाभर पुरतो, पण न जाणो."

बाकीच्यांनीही तसंच सांगितलं. वानराने सगळं मनात धरलं, त्यावर आल्यागेल्याचं घातलं. दिवस वाईट म्हणून ते एरवीच्या दुप्पट घातलं. अस्वलापाशी जाऊन म्हणाला, "दादा, दहा गाढवांचं ओझं लागेल."

"एवढं?" अस्वल म्हणालं. "काय झालंय तिकडे?"

"बोलण्यासारखं नाही."

अस्वल समजून गेलं. म्हणजे काहीच समजलं नाही. त्याने गोदूआक्काला सांगितलं, "आक्का, मीठ पाठव. टेकडीएवढं. आणि माझ्या नावाने वर थोडं."

गोदूआक्का बराच वेळ एका कानाने माशा वारत उभी राहिली. मग तांड्याला म्हणाली, "ऐका रे. नेहमीच्या खेपा बंद."

"बंद? का आक्का?"

"टेकडीएवढं मागवलंय. जाता-येता चिमटी चिमटी नेत बसलो तर टेकडी कधी होणार? आधी सगळं इथे साठवायचं. मग एकदाच घेऊन जायचं."

आता बघा हं, यात तरी चूक काय? मीठ थांबलं ते असं. मागणाऱ्यांनी मागितल्यामुळे.

इकडे काजळीचं दूध आटायला लागलं. भुऱ्या ढुशा मारायचा, तोंड काढून आईकडे बघायचा, पुन्हा ढुशी मारायचा. त्याच्या फासळ्या दिसायला लागल्या. काकू पाठीवरून खाली बघायच्या आणि गप्प व्हायच्या. काकू गप्प झाल्या, यावरून ओळखा.

"काजळे," शेवटी त्या म्हणाल्या, "गुहेत जाऊन ये की. मीठ आहे तिथे."

"तिथे नुसतं मीठच नाही ना, काकू."

पण आई ती आई. एका दुपारी काजळी गुहेच्या दाराशी जाऊन उभी राहिली. भुऱ्या तिच्या पायांत.

"या, या," महाराज आतून म्हणाले. "बाहेर का उभ्या? दगड तिकडे कोपऱ्यात आहे. जसा आणला तसा. कुणी जीभसुद्धा लावली नाही."

"लावणार कोण, महाराज?"

"तेच म्हणतो मी! व्यवस्था चोख आहे. या ना आत. बाळालाही आणा. जागा आहे."

जागा आहे म्हणताना महाराजांनी कोपऱ्याकडे पाहिलं की पोटाकडे, ते काजळीला नीट दिसलं नाही. बघायला ती थांबलीही नाही. वळली ती थेट खिंडीच्या वाटेला लागली. भुऱ्या मागून धडपडत. काकू पाठीवर.

"अगं, कुठे निघालीस? कळपाला न सांगता?"

"मीठ कुठून येतं ते बघायला."

"असं कुणी जातं का गं!"

"कुणी जात नाही, म्हणून तर ही वेळ आली."

चढ उभा होता. भुऱ्या दोनदा बसला. काजळीने दोन्ही वेळा त्याला नाकाने ढकलून उभं केलं. खिंडीतून पलीकडे उतरली आणि तिथेच थबकली. समोर मिठाची टेकडी. पांढरीशुभ्र. तिच्या पायथ्याशी गाढवं टोपल्या भरत होती.

 काजळीने आधी चाटलं. पोटभर चाटलं. मग भुऱ्या तिच्याखाली शिरला आणि पाणी प्यायला तिला झऱ्यावर जायचं होतं तरी ती तशीच उभी राहिली.

गोदूआक्का जवळ आली. "किती दिवसांनी मिळालं गं?"

"तुम्ही बंद केल्यापासून."

"आम्ही? अगं, तुम्हीच टेकडी मागवली म्हणून साठवत बसलो!"

काकू पाठीवर अस्वस्थ झाल्या. "पण आक्का, मी माझ्या कानांनी ऐकलं. पुढच्या खेपेला मीठ यायचं नाही म्हणून."

"हो, म्हणाले होते मी. आपल्या टोपल्यांची बुडं गेलीत, विणायला टाकल्यात, म्हणून एक खेप चुकेल. एकच. त्याच्या पुढची वेळेवर." गोदूआक्काने काकूंकडे पाहिलं. "एवढं ऐकलंत, मग पुढचं नाही ऐकलंत?"

"दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये," काकू म्हणाल्या.

तांडा निघायला लागला. काजळीने विचारलं, "आक्का, आता कशाला नेताय एवढं? तुम्हाला कळलं ना, नको आहे ते."

"मागवलंय ना? नाही नेलं तर म्हणतील, गाढवं आहेत."

आणि त्यांनी नेलं. सगळी टेकडी नेली.

डोहाकाठी पोचल्यावर त्यांना दगड सापडेना. दगड गुहेत. गुहेत जायला एकही गाढव तयार नव्हतं, इतकी काही ती गाढवं नव्हती. मग त्यांनी काठावरच मीठ ओतलं. उतार होता, पण तो बघायचं काम कुणाकडे नव्हतं. सगळं जंगल धावलं. पुन्हा मिळतं न मिळतं म्हणून हरणं चढली, डुकरं चढली, वानर वरून उडी मारून आले. ढकलाढकलीत टेकडी घसरली आणि अख्खी डोहात गेली.

सगळ्यांनी वाकून पाणी प्यायलं. सगळ्यांनी एकदमच तोंडं वर केली.

"अभिनंदन," खवलेराव म्हणाला. "आता प्रत्येक घोटाला मीठ. घरपोच सोय झाली."

तेवढ्यात महाराज पाणी प्यायला आले. एक घोट घेतला. थुंकला. जे आपल्याला लागत नाही ते आपल्या तोंडात आलं, की निर्णय फार लवकर होतो.

"मीठ बंद!" महाराज गरजले. "कायमचं! पुन्हा एक खडा या जंगलात दिसता कामा नये!"

प्रजा दिवसभर झऱ्यांच्या शोधात वणवण फिरली. खवलेरावाचा सत्कार झाला. मीठटंचाईवर एवढ्या कमी वेळात एवढी मात आजवर कुणी केली नव्हती.

काजळी काही परत गेली नाही. ती खिंडीतच राहिली, झऱ्याच्या वरच्या अंगाला. खेपेला निघताना गोदूआक्का तिच्यापुढे एक खडा टाकायची. आता खेपा दुसऱ्या जंगलाकडे जायच्या. भुऱ्याच्या फासळ्या बुजल्या. त्याला शिंगांच्या जागी दोन टेंगळं आली. ती तो दिवसभर झाडांवर घासायचा.

तांड्याबरोबर खाली गेलेल्या काकूंनी महाराजांचा हुकूम ऐकला तशा त्या तडक उडत खिंडीत आल्या. काजळीच्या पाठीवर नीट बसल्या. पंख झटकले.

"काय म्हटलं होतं मी? मीठ बंद. झालं की नाही?"

"मी काय चाटतेय मग, काकू?"

काकूंनी खाली वाकून खडा पाहिला. भुऱ्याकडे पाहिलं. जरा विचार केला.

"म्हणजे अर्धी तरी खरी निघाली!" त्या म्हणाल्या, आणि ही बातमी सांगायला पुन्हा खाली उडाल्या.

तात्पर्य : अर्धवट कानावर आलेल्या बातमीवर डोळे मिटून विश्वास ठेवावा. ती खोटी पडू नये एवढी काळजी घ्यायला आपण सगळे आहोतच.