दाजी आणि पांढरी वर्तुळं

"गुन्हा घडायच्या आधीच मला त्याचा वास येतो. घडल्यावर तर विचारूच नकोस," असं दाजी स्वतःबद्दल सांगतात. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. दिवसभर ते विमा कचेरीत शिक्के मारतात आणि उरलेल्या वेळात गुप्तहेर असतात. मी त्यांच्याकडेच राहतो, म्हणून मी मदतनीस. पगार शून्य, बोलणी भरपूर.

त्या रविवारी दाजींची डावी चप्पल गायब झाली. त्यांनी स्वयंपाकघराच्या खणातून खडू काढला आणि दिसेल त्या पुराव्याभोवती वर्तुळ आखलं. चिखलाचा ठसा, एक केस, कोचाखालचं शेंगेचं टरफल, काही सोडलं नाही. आमचा कुत्रा ढब्बू मागून येत एकेक वर्तुळ चाटून साफ करत होता.

"पुरावा नष्ट करतोय! याला कुणीतरी फितवलंय," म्हणत दाजींनी सगळी वर्तुळं दुप्पट जाड केली.

थोड्या वेळाने ढब्बूच्या तोंडातून लाळ गळायला लागली. पाय थरथरले आणि भेलकांडत तो माझ्यापाशी आडवा झाला.

"विषप्रयोग!" दाजी म्हणाले. "वरच्या मजल्यावरचे काका. याच्या भुंकण्यावरून त्यांनी डूख धरलाय."

"दाजी, ते परगावी गेलेत."

"बघ, किती बेरकी माणूस!"

मग संशय दूधवाल्यावर गेला, तिथून माझ्यावर आला. शेवटी दाजी ढब्बूभोवतीच वर्तुळ आखायला बसले.

तेवढ्यात ताई आतून आली. "साखरेला मुंग्या लागल्यात. माझा मुंग्यांचा खडू कुणी घेतला?"

दाजींचा हात जागच्या जागी थांबला.

"अहो, औषध असतं त्यात! विष!" ताईने ओल्या फडक्याने ढब्बूचं तोंड आणि पंजे पुसले, खडूचं खोकं पिशवीत टाकलं आणि आम्ही ढब्बूला उचलून जनावरांच्या दवाखान्यात धावलो. जिन्यात दाजींची चप्पल पडली होती, त्यांनीच काढलेली. उचलायला कुणी थांबलं नाही, दाजीसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाईंनी खोकं वाचलं, इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं.

"किती चाटलं?"

"घरभर," मी म्हणालो.

दाजी बाकावर बसून नाक ओढत होते. "मीच केलं हे, मीच केलं." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा संशय योग्य माणसावर गेला होता. तरी मला त्यांची फार दया आली.

बऱ्याच वेळाने ढब्बूने डोळे उघडले आणि शेपटी टेबलावर आपटली.

"वाचला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दाजी रडतच पुढे झाले. ढब्बूनेही मनात काही न ठेवता मान उचलली आणि त्यांचा हात चाटायला जीभ बाहेर काढली.

"आधी हात धुवा!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो.