अकरा वाजून बारा मिनिटांपर्यंतचा समुद्र

बंगळूरला राजाजीनगरच्या घरात बिंदुमाधवनं स्वयंपाकघराच्या दाराशी वेळापत्रक चिकटवलं. तो सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होता, त्यामुळे आईला समुद्रस्नान घडवायचा बेतही त्यानं मापं टाकून काळ्या शाईनं काढला होता.

"धर्मशाळा सहा पन्नास. साधी आंघोळ साडेसात. किनारा आठ चाळीस. समुद्रस्नान आठ पंचेचाळीस. अमावस्या संपते अकरा बाराला. शिल्लक दोन तास सत्तावीस मिनिटं," त्यानं वाचून दाखवलं.

"एवढी शिल्लक कशासाठी?" त्याच्या बायकोनं, नयनानं विचारलं.

"अडचणींसाठी."

"मग त्यांच्या वेळा नाही लिहिल्या?" नयना पुण्याची होती.

या बेतात गंमत करण्यासारखं खरं तर काही नव्हतं. पिंपळाला शनिवारीच शिवावं आणि समुद्राला पर्वकाळीच, म्हणजे अमावस्या-पुनवेला. एरवी लांबून हात जोडावेत, हे शास्त्र त्याच्या आईला, अहल्याबाईंना, लहानपणी धारवाडला शिकवलेलं होतं. समुद्र मात्र त्यांनी अठ्ठावन्न वर्षांत पाहिला नव्हता. लग्न झालं त्या वर्षी हयवदनराव म्हणाले होते, "ह्या अमावस्येला नको, पुढच्या अमावस्येला जाऊ." त्यानंतर त्यांनी हेच वाक्य चाळीस वर्षं म्हटलं. गेल्या मार्गशीर्षात त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि अहल्याबाईंनी मुलाला बोलावून सांगितलं, "पौषातली अमावस्या रविवारी हाय. मी जाऊन येणार. तू आलास तर सरी, नाहीतर एकटी जाईन." त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. बिंदुमाधवनं त्याच दिवशी पट्टी आणि शाई काढली.

शनिवारच्या गाडीनं तिघं निघाली आणि रविवारी मद्रासला वेळेवर पोचली. धर्मशाळेतही ती सहा पन्नासलाच पोचली, आणि बिंदुमाधवनं नयनाकडे जरा ताठ मानेनं पाहिलं.

पण तीर्थात उतरण्याआधी गोड्या पाण्यानं अंग स्वच्छ करायचं असतं, आणि अमावस्येला अख्ख्या धर्मशाळेला तेच करायचं होतं. न्हाणीघर एक होतं आणि रांग जिन्यापर्यंत गेली होती. अहल्याबाईंचा नंबर लागून त्या बाहेर आल्या तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

"अजून दोन तास सात मिनिटं," बिंदुमाधव म्हणाला.

समुद्राचा आवाज ऐकू येईल इतकं जवळ आल्यावर समोरून डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीण झपाझप आली. ती बाजूला होते न होते तोच टोपलीतलं माशांचं पाणी अहल्याबाईंच्या खांद्यावर ओघळलं. बाई भली होती. तिनं तमिळमध्ये काहीतरी हळहळून म्हटलं आणि आपल्या पदरानं त्यांचा खांदा खसाखसा पुसायला सुरुवात केली.

"अय्यो, बस्स, बस्स!" अहल्याबाई मागं सरकल्या. "झालं. परत चला."

"आई, समोर समुद्र आहे! सगळं त्यातच धुतलं जाईल."

"माशांचं पाणी घेऊन तीर्थात जाऊ व्हय रे?"

"आई, ते मासे तीर्थातूनच आलेत," नयना हळूच म्हणाली.

अहल्याबाईंनी सुनेकडे पाहिलं. नयनानं निमूटपणे पिशवी उचलली.

परत धर्मशाळा, परत रांग. दुसरी आंघोळ उरकून तिघं निघाली तेव्हा दहा पस्तीस झाले होते. दारात झटका, म्हणजे मद्रासी टांगा, उभा होता, घोडाही तगडा होता. बिंदुमाधवनं आईला वर चढवायला स्टूल मागवलं. अहल्याबाईंनी आत डोकावून बघितलं आणि पाय खाली घेतला.

"गादी चामड्याची हाय की."

"वर पंचा घालतो मी."

"पंचाखाली तरी चामडंच ना? मी चालत येते. तू बस जा."

आई चालणार म्हटल्यावर मुलगा काय बसतो! तिघंही चालत निघाली. चपलाही चामड्याच्या म्हणून अहल्याबाई अनवाणी. त्यांच्या काखेत एक लहानसं गाठोडं होतं, ते त्यांनी बंगळूर सोडल्यापासून कुणाच्या हाती दिलं नव्हतं. अकराला तिघं किनाऱ्याच्या रस्त्यावर आली.

इथं वेळापत्रकाचा पाया खचला. रस्ता ओलांडला की समुद्र, असं बिंदुमाधवनं नकाशावर पट्टी ठेवून मोजलं होतं. पण मद्रासची वाळू म्हणजे दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत लांब, आणि रुंदही तशीच. लोक आरामात पसरले होते, कुणी घोड्यावर बसत होतं, कुणी नुसतंच पडलं होतं. एवढ्या लोकांत तीनच माणसं घाईत होती. वाळूत पाऊल टाकावं तर अर्धं मागंच सरकायचं.

"आई, भरभर! सात मिनिटं!"

"येते की रे. पाय रुततोय."

"चार!"

"ओरडू नकोस. दम लागतोय मला."

ओल्या वाळूच्या कडेला अहल्याबाई पोचल्या तेव्हा घड्याळात अकरा वाजून सोळा मिनिटं झाली होती.

पुढ्यात समुद्र होता, चार पावलांवर. बिंदुमाधवनं घड्याळ कानाशी धरलं, हलवलं. "हे पुढं असेल. माझं घड्याळ नेहमी पुढं असतं."

"तुझं घड्याळ कधी पुढं नसतंय," अहल्याबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी लांबूनच हात जोडले आणि कोरड्या वाळूवर बसल्या.

नयनाला भडभडून आलं. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "आई, आपण पुढच्या अमावस्येला येऊ."

म्हणाली आणि जीभ चावली. अहल्याबाई हसल्या, पण ते हसू बघवत नव्हतं.

मग त्यांनी गाठोडं सोडलं. आत एक जुनं उपरणं होतं, कडेला विड्याचा डाग पडलेलं. तो डाग बिंदुमाधवनं ओळखला आणि मान फिरवली. हयवदनरावांचं उपरणं पदराला बांधून दोघांचं स्नान एकदमच करायचं, असं अहल्याबाईंनी मनाशी ठरवलं होतं. विधवेनं असं करावं की नाही, हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. त्यांनी उपरणं शेजारी वाळूवर अंथरलं, जसं नवऱ्याला बसायला दिलं असतं तसं. लाटेचा फेस जवळ आला की त्या मागं सरकत, उपरणंही मागं ओढत. अशी दोनदा-तीनदा सरकासरकी झाली.

चौथी लाट मोठी होती. अहल्याबाई चपळाईनं उठल्या, लुगडं सावरलं, आणि उपरणं राहिलं. लाट परतली ती उपरणं घेऊनच.

"अहो!" अहल्याबाई ओरडल्या. "अहो, थांबा की!"

आणि त्या धावल्या. घोटा, गुडघा, कंबर. बिंदुमाधव मागून "आई, पर्व!" असं काहीतरी ओरडला, पण ऐकायला तिथं कुणी नव्हतं. उपरण्याचं टोक त्यांच्या हाती लागलं तेवढ्यात दुसरी लाट डोक्यावरून गेली.

बिंदुमाधव बुटांसकट पाण्यात शिरला, पण त्याच्या आधी कडेला जाळ्यांपाशी बसलेली एक बाई धावली होती. तिनं अहल्याबाईंना दोन्ही दंडांना धरून उभं केलं. ती सकाळचीच कोळीण होती. दोघी एकमेकींना ओळखून क्षणभर बघत राहिल्या. मग अहल्याबाईंनी तिचा हात घट्ट धरला, आणि काठावर येईपर्यंत सोडला नाही. तिसऱ्या आंघोळीचं त्यांनी नावही काढलं नाही.

"आई," बिंदुमाधव धापा टाकत म्हणाला. हातातलं घड्याळ बंद पडलं होतं. "अकरा बत्तीस झाले होते. पर्वकाळ..."

"तुझे वडील वाहून चालले होते. मी पंचांग बघत उभी राहू काय रे?"

त्यांनी उपरणं पिळलं नाही. तसंच ओलं पदराला गाठ मारून बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि परत समुद्राकडे वळल्या.

"आता कुठं?" नयनानं विचारलं.

"मघाशी मला बोलावलं नाही, काही नाही, एकटेच गेले," अहल्याबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे खाऱ्या पाण्यानं लाल झाले होते. "चाळीस वर्षं पुढची अमावस्या, पुढची अमावस्या. आज अमावस्या संपली तेव्हा कुठं निघाले. त्यांना स्वल्प सोबत करून येते."